परक्या डोळ्यांची पारख

फळ्यावर आपण स्वतः लिहिलेली चूक आपल्याला दिसत नाही. शेवटच्या बाकावर बसलेले मूल ती लगेच दाखवते. शिक्षकी पेशात दिवस काढलेल्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. चूक दाखवणाऱ्या मुलाला काही शिक्षक शाबासकी देतात, तर काही 'गप्प बस' म्हणतात. पहिल्या शिक्षकाचा फळा हळूहळू शुद्ध होतो. दुसऱ्याच्या फळ्यावर चूक तशीच राहते आणि मुलांच्या वह्यांत जाऊन बसते.

ही गोष्ट आज आठवण्याचे कारण असे. आमच्या ओळखीच्या काही तरुणांनी लहान मुलांना मराठी अक्षरे व सोपे शब्द शिकवण्यासाठी मोबाइलवर चालणारे एक ॲप तयार केले आहे. दिवसभर नोकरी करून, रात्री जागून त्यांनी हे काम केले. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. गणेश चतुर्थीच्या सुमारास ते ॲप मंडळींना दाखवले, तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. परंतु दोन महिन्यांनी आम्ही वर्गात सहज विचारले तेव्हा ज्यांच्या घरी ते ॲप आहे अशी मुले खाली पाहू लागली. एकदा उघडले, पुन्हा नाही, असे उत्तर मिळाले. एका मुलीने क्रियोलमध्ये सांगितले की मराठी फार कठीण आहे.

त्या मुलीचे उत्तर आमच्या मनाला लागले. कारण ती जिथे अडली होती तिथे मराठी मुळीच कठीण नव्हती. कोणते बटण दाबावे हे तिला कळले नव्हते. मात्र दोष तिने यंत्राला दिला नाही; तो मराठीला आणि स्वतःला दिला. वस्तू गैरसोयीची असली की वापरणारा माणूस स्वतःलाच मूर्ख समजतो, हे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे. दार ओढायचे की ढकलायचे हे न कळणारा माणूस ओशाळतो; दार करणारा सुतार ओशाळत नाही.

पुढे एका बैठकीत प्रश्न निघाला की हे ॲप बाहेरच्या जाणकारांना दाखवून त्यांचे मत घ्यावे काय. दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे, आपली मुले, आपली भाषा, आपली घरे. बाहेरच्याला यातले काय कळणार? आणि आपले उणे परक्यासमोर का मांडायचे? दुसऱ्याचे म्हणणे, दाखवून तर पाहू. आम्ही दुसऱ्या पक्षाचे आहोत, आणि त्याची कारणे वाचकांपुढे ठेवणे हे आमचे कर्तव्य समजतो.

गेल्या मोठ्या सुट्टीत आम्हाला अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील पिस्कॅटवे या गावी आप्तांकडे राहण्याचा योग आला. रॅरिटन नदीकाठचे हे गाव जुने आहे. त्याची वसाहत सतराव्या शतकातली. शेजारी एडिसन नावाचे नगर, जिथे भारतीय लोकांची मोठी वस्ती आहे. रटगर्स विद्यापीठाचे बुश आणि लिव्हिंग्स्टन हे दोन परिसर पिस्कॅटवेतच आहेत, आणि विद्युत अभियंत्यांची जगभर पसरलेली आय-ट्रिपल-ई ही संस्था आपला मोठा कारभार तेथूनच चालवते. आमची भाची लग्न होऊन त्या भागात गेली. सासरचे लोक पुण्याकडचे. तिचे कामच असे की लोकांना यंत्राचा पडदा कळतो की नाही हे पाहायचे आणि बनवणाऱ्यांना सांगायचे.

आम्ही मोठ्या उत्साहाने ते ॲप तिला दाखवले. तिने स्वतः फार वेळ पाहिले नाही. एक कागद घेतला, फोन आपल्या सासूबाईंच्या हातात दिला आणि शेजारच्या सहा वर्षांच्या मराठी मुलाला बोलावले. म्हणाली, “यातून 'शहामृग' शब्द शोधून दाखवा.” मग ती गप्प बसली. सासूबाई अडल्या तेव्हा आमच्याने राहवेना. आम्ही पुढे होऊन सांगू लागलो, तोच तिने आम्हाला थांबवले. “मामा, तुम्ही मॉरिशसमध्ये प्रत्येक घरी जाऊन असे सांगणार आहात का?”

आम्ही निमूटपणे मागे सरलो. अर्ध्या तासात तिच्या कागदावर सात ओळी झाल्या. मुलगा 'पुढे' हे बटण सोडून मोराच्या चित्रावर पुन्हा पुन्हा बोट ठेवत होता, कारण मोर बटणापेक्षा मोठा आणि रंगीत होता. उत्तर चुकले की लाल फुली येऊन कर्कश आवाज होई. दुसऱ्या आवाजानंतर मुलाने फोन परत दिला. चुकून दुसऱ्या पानावर गेले तर परत येण्याची वाट नव्हती. 'निवडा' हा शब्द त्या मुलाला उमगला नाही. आणि सासूबाईंनी एक गोष्ट सांगितली जी आम्हा शिक्षकांच्याही नजरेतून सुटली होती: “हा श आणि हा ल आपल्या मराठी पुस्तकातला नाही हो, हिंदीतला आहे.” खरेच होते. मराठीत श देठाचा लिहितात आणि ल पाकळीचा. पुष्कळशा अक्षरसंचांत दोन्ही रूपे असतात. मात्र भाषा मराठी आहे हे ॲप बनवणाऱ्याने सांगून ठेवावे लागते. आमच्या मुलांनी मंगळवारी शाळेच्या पुस्तकात एक श पाहावा आणि बुधवारी फोनवर दुसरा, हे योग्य आहे काय?

त्या रात्री आम्हाला झोप लवकर लागली नाही. प्रशिक्षणाच्या काळातले दिवस आठवले. आम्ही वर्गात पाठ घेत असू आणि मागच्या बाकावर आमचे निरीक्षक वही घेऊन बसत. ते काही बोलत नसत. तास संपल्यावर वही पुढे करत. पहिल्या वेळी त्या वहीत वाचले होते: 'आपण तासभर बोललात, मुले तीन वेळा बोलली.' तेव्हा राग आला होता. आज वाटते, त्या एका वाक्याने आम्हाला शिक्षक केले. भाचीचा कागद म्हणजे तीच वही होती.

पिस्कॅटवेच्या परिसरात हे काम करणारी माणसे भेटावीत यात नवल नाही. या विद्येचा बराचसा पाया न्यू जर्सीतच घातला गेला. बेल टेलिफोन प्रयोगशाळेत जॉन कार्लिन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, म्हणजे आमच्या बेटाचे शेजारीच. टेलिफोन वापरणाऱ्या माणसाला काय सोयीचे पडते, हे त्यांनी अंदाजाने न ठरवता पाहून ठरवले. फोनची दोरी तीन फूट लांब असायची. तांब्याचा खर्च वाचवण्यासाठी ती किती आखूड करता येईल, असा प्रश्न होता. कार्लिन यांनी सहकाऱ्यांच्या फोनच्या दोऱ्या त्यांना न कळवता थोड्या थोड्या कापवल्या. पूर्ण एक फूट जाईपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही, असे त्यांच्या २०१३ मधील निधनानंतर वृत्तपत्रांनी लिहिले. फोनच्या बटणांची मांडणीही अशीच ठरली. आर. एल. डायनिंजर यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बटणांच्या अनेक मांडण्या लोकांकडून वापरून पाहिल्या होत्या. १९६३ मध्ये बटणांचा फोन बाजारात आला, आणि वर एक-दोन-तीन ही तीच मांडणी आज आपल्या खिशातल्या मोबाइलवर आहे. साठ वर्षांहून अधिक काळ ती कोणाला बदलावीशी वाटली नाही.

१ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेतील मोठ्या टेलिफोन कंपनीचे विभाजन झाले आणि सात प्रादेशिक कंपन्यांसाठी बेलकोर ही संशोधनसंस्था निघाली. तिचे संशोधन मॉरिसटाउनकडे चाले, आणि पिस्कॅटवेतही तिचे मोठे केंद्र होते. १९९९ मध्ये तिचे नाव टेलकोर्डिया झाले आणि २०१२ मध्ये ती स्वीडनच्या एरिक्सन कंपनीकडे गेली. या बेलकोरमधील विद्वानांनी तीन गोष्टी मोजून ठेवल्या आहेत. आमच्या बैठकीतल्या वादाचे उत्तर त्या तिन्हींत मिळते.

पहिली गोष्ट शब्दांची. १९८७ मध्ये फर्नास, लँडॉवर, गोमेझ आणि डुमे या चौघांनी असे दाखवले की एकाच वस्तूला दोन माणसांनी आपण होऊन एकच नाव देण्याची शक्यता शंभरात वीसहूनही कमी असते. म्हणजे ॲप करणाऱ्याला जो शब्द अगदी उघड वाटतो, तो पाचांपैकी चौघांना सुचलेलाच नसतो. हे एकाच भाषेत वाढलेल्या लोकांविषयी झाले. मग घरी क्रियोल, शाळेत इंग्रजी व फ्रेंच आणि आठवड्यातून थोडे तास मराठी, अशा आमच्या मुलाची काय कथा? 'निवडा', 'प्रविष्ट करा', 'पुढील पृष्ठ' हे शब्द कोणी ठरवले? आम्हीच, शब्दकोश समोर ठेवून. मुलाला विचारले नाही.

दुसरी गोष्ट संख्येची. जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये एक गणित मांडले. त्यांनी तपासलेल्या कामांत एक वापरणारा माणूस सरासरीने एकतीस टक्के अडचणी उघड करीत होता. त्या हिशेबाने पाच माणसांना बसवून पाहिले तर सुमारे पंच्याऐंशी टक्के अडचणी हाती लागतात. पुढे २००१ मध्ये जेरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी वेबसाइटवरील आपल्या प्रयोगात पाच माणसे फार अपुरी पडतात असे दाखवले. त्यांना तेवढ्यात सुमारे पस्तीस टक्केच अडचणी सापडल्या. तेव्हा पाच हा काही मंत्र नव्हे. मात्र शून्य आणि पाच यांत जे अंतर आहे, ते पाच आणि पन्नास यांत नाही. आमच्या तरुणांनी टाळ्या वाजवणारे शंभर लोक पाहिले. एका मुलाला मात्र गप्प बसून पाहिले नाही.

तिसरी गोष्ट जाणकारांची. नील्सन आणि रॉल्फ मोलिश यांनी १९९० मध्ये एक सोपी रीत सांगितली. जाणकाराने काही मोजके नियम मनात ठेवून पडदा तपासायचा आणि खटकेल ते लिहायचे. यंत्र काय करीत आहे हे दिसते काय? शब्द रोजच्या वापरातले आहेत काय? चूक झाली तर मागे फिरता येते काय? चूक सांगताना उपाय सांगितला आहे काय? अशा प्रकारचे हे नियम आहेत. त्यांच्या प्रयोगांत एकेकटा तपासणारा वीस ते एकावन्न टक्केच अडचणी शोधू शकला. म्हणून तीन ते पाच जणांनी वेगवेगळे तपासावे आणि मग याद्या एकत्र कराव्यात, असा त्यांचा सल्ला आहे. कितीही मोठा विद्वान असो, एकट्याचे मत पुरेसे नाही. नंतर १९९२ मध्ये नील्सन यांनी फोनवरून बँकेचा हिशेब विचारण्याच्या एका योजनेवर तीन प्रकारचे लोक बसवले. या विद्येत नवख्या असलेल्यांना सरासरी बावीस टक्के अडचणी सापडल्या. विद्येतील तज्ज्ञांना एकेचाळीस टक्के. आणि ज्यांना ही विद्याही येत होती आणि फोनवरील अशा योजनांचीही माहिती होती, अशा दुहेरी जाणकारांना साठ टक्के.

आता बैठकीतल्या दोन्ही पक्षांनी या आकड्यांकडे पाहावे. 'बाहेरच्याला काय कळणार' म्हणणाऱ्यांचे अर्धे खरे आहे: नुसत्या तज्ज्ञाला अर्ध्याहून कमीच दिसते. पण घरच्या नवख्याला त्याहून कमी दिसते. जास्त कोणाला दिसते? ज्याला यंत्रही कळते आणि विषयही कळतो त्याला. आमच्यापुरते बोलायचे तर ज्याला पडद्याची विद्या येते आणि मराठीही येते त्याला. असे लोक आज पिस्कॅटवे, एडिसन या भागांत आहेत, तसे पुण्यात आणि मुंबईतही आहेत. आणि तरीही त्यांना एक गोष्ट कळणार नाही: मराठी ही ज्याची तिसरी-चौथी भाषा आहे असे आमच्या बेटावरचे मूल. ते फक्त आमच्या शिक्षकांना कळते. तेव्हा बाहेरचा जाणकार आणि घरचा शिक्षक यांनी शेजारी बसावे, हाच यातून निघणारा सरळ अर्थ आहे.

यासाठी काय करावे, हेही आम्ही सांगू इच्छितो, कारण नुसता उपदेश सोपा असतो.

एक: बाहेर पाठवण्यापूर्वी घरातली पाच मुले आणि दोन आज्या बसवाव्यात. जे दोष आपल्यालाच सापडू शकतात, ते शोधण्यासाठी जाणकाराचा वेळ खर्चू नये.

दोन: जाणकाराला एक पानभर माहिती द्यावी. मूल किती वर्षांचे, घरी कोणती भाषा, फोन नवा की वडिलांचा जुना, घरात इंटरनेट नेहमी असते की नाही, आणि दहा मिनिटांत मुलाला काय यावे अशी आपली अपेक्षा आहे. ही माहिती नसेल तर तो न्यू जर्सीतल्या मुलाचा विचार करून सल्ला देईल आणि दोष त्याचा नसेल.

तीन: 'कसे वाटले?' असे विचारू नये. सुसंस्कृत माणूस 'छान' असेच म्हणेल. 'हे काम करून पाहा आणि जिथे अडलात ते लिहा', असे विचारावे. प्रत्येक दोषापुढे तो किती गंभीर आहे याचा आकडा मागावा. नील्सन यांनी त्यासाठी शून्य ते चार अशी श्रेणी दिली आहे. मग चारच्या दोषांना आधी हात घालावा. रंग आवडला नाही हा दोष आणि मूल परत येऊ शकत नाही हा दोष, यांना एकाच मापाने मोजू नये.

चार: मुलांचे फोटो, नावे किंवा आवाज पालकांच्या परवानगीशिवाय कोठेही पाठवू नयेत. अडचण कळण्यासाठी मुलाचे नाव लागत नाही.

पाच: जाणकाराच्या श्रमाचे मोल द्यावे. तो आपला आप्त असला तरी त्याची विद्या फुकटची नाही. पैसे घेत नसेल तर त्याचे नाव ॲपमध्ये मानाने लिहावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने सांगितलेले काय केले, काय केले नाही आणि का, हे त्याला कळवावे. सल्ला मागून फडताळात ठेवण्यासारखा दुसरा अपमान नाही.

सल्ला घेणे म्हणजे मान तुकवणे नव्हे, हेही स्पष्ट करायला हवे. आमची भाची म्हणाली होती की चुकल्यावर येणारी फुली काढून टाका आणि त्याजागी योग्य उत्तर दाखवा. आमच्या एका अनुभवी शिक्षिकेने हे वाचून सांगितले की लगेच उत्तर दाखवले तर मूल विचार करणार नाही; आधी अक्षराचा उच्चार ऐकवावा आणि पुन्हा संधी द्यावी. आम्हाला शिक्षिकेचे म्हणणे पटले, आणि भाचीलाही पटले. जाणकाराने दुखणे दाखवले. औषध घरच्या वैद्याने ठरवले. असेच व्हायला हवे.

त्या तरुणांना तो सात ओळींचा कागद आम्ही दाखवला तेव्हा त्यांतला एक जण बराच वेळ बोलला नाही. नंतर म्हणाला, “गुरुजी, आम्ही इतक्या रात्री जागलो.” त्याचे दुःख आम्हाला समजते. ज्याने रात्री जागून काम केले आहे त्यालाच टीका अधिक लागते. आम्ही त्याला एवढेच म्हणालो की तुमच्या रात्री वाया जाऊ नयेत म्हणूनच हा कागद आहे. पुढच्याच आठवड्यात त्याने 'निवडा' काढून तिथे बोटाचे चित्र घातले आणि मोराचेच बटण केले. आता मोरावर बोट ठेवले की पान पुढे जाते. त्या मुलीला आम्ही ते दाखवले. ती काही बोलली नाही, पण तास संपल्याची घंटा झाल्यावरही तिने फोन खाली ठेवला नाही.

आमचे पूर्वज मुंबई बंदरातून जहाजात बसून या बेटावर आले, तेव्हा त्यांच्या गाठोड्यात छापील पुस्तके फारशी नव्हती. भाषा तोंडातोंडी राहिली. भजनांत, झाकरीत, आजीच्या गोष्टींत राहिली. आज ती मुलांच्या हातातल्या काचेच्या पाटीवर न्यायची आहे. पाटी चांगली नसेल तर मूल पाटीला दोष देणार नाही, मराठीला देईल. म्हणून मंडळींना आमची विनंती आहे की येत्या बैठकीत हा विषय पुन्हा घ्यावा, तीन बाहेरचे जाणकार आणि दोन घरचे शिक्षक निवडावेत, आणि या कामासाठी थोडा निधी बाजूला काढावा. ज्यांचे नातेवाईक परदेशात अशा कामात आहेत त्यांनी संकोच न करता नावे सुचवावीत.

शेवटच्या बाकावरून कोणी चूक दाखवत असेल, तर त्याला गप्प बसवू नका.